कॉम्प्युटरच्या खोलीची ऊब

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कापसाच्या कंपनीने वर्ध्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आणला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि कॉम्प्युटर खोक्यातच राहिला. खोलीत एसी बसल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असा मुंबईच्या हेड ऑफिसचा हुकूम, आणि एसीची मंजुरी देणारही मुंबईच. कॉम्प्युटर खात्यात माणूस एकच, मी, आणि तोही टेम्पररी. कॉम्प्युटर चालू झाला की मला पक्कं करणार होते.

इकडे तळेगावचे एक शेतकरी मला आपली मुलगी द्यायला राजी होते. मला तर ती पाहताक्षणीच आवडली होती. पण त्यांचं एकच पालुपद, "पोरगा चांगला हाय, पण नोकरी पक्की होऊ द्या. मंग पाहू." म्हणजे माझं लग्न त्या एसीवर अडलेलं.

उन्हाळ्यात आम्ही कळवलं, खोली भयंकर तापते. पावसाळ्यात मुंबईने विचारलं, खरंच तापते का? आम्ही पुन्हा हो म्हणालो. मग खात्री करायला एक साहेब निघाले, ते ऐन जानेवारीत.

आमचे मॅनेजर नालवाडीचे, मोठे डोकेबाज. म्हणाले, "घाबरून काऊन राह्यला बे? पहाटेच खोली तापवून ठेवजो."

मी खिडक्या लावून दोन शेगड्या पेटवल्या आणि साहेब यायच्या आत त्या मागच्या दाराने बाहेर काढल्या. साहेब मुंबईहून नुसत्या शर्टावर आलेले, दात वाजत होते. त्या खोलीत शिरले आणि चेहराच खुलला. चहा तिथे मागवला, जेवणही तिथेच. गाडीची वेळ होईपर्यंत काही हलले नाहीत. जाताना म्हणाले, "या खोलीला काय धाड भरलीय? बाकी ऑफिस मात्र फार गार आहे हो!" करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला रडावं की हसावं कळेना.

मे महिन्यात मंजूर झालेलं सामान आलं. खोकं फोडलं तर आत हीटर! फाइल कॉम्प्युटर खात्याची, म्हणून हीटरही आमच्याच खात्याच्या नावावर.

आता नियम असा, की खात्याचं सामान त्याच खात्याच्या पक्क्या माणसाने सही करून घ्यायचं. आमच्या खात्यात असा माणूसच नव्हता. मॅनेजरांनी तार केली. सामान सहीशिवाय पडून आहे म्हटल्यावर मुंबई हादरली असावी, कारण एसीवर वर्ष घालवणाऱ्या त्या ऑफिसाचं उत्तर उलट तारेनेच आलं: ऑपरेटरला पक्कं करा आणि सामान ताब्यात घ्या. मी लगेच सही ठोकली.

दुसऱ्याच दिवशी एसटीने तळेगाव गाठलं. मुलीच्या वडिलांनी ओसरीवर बसवून विचारलं, "चालू झाला का तुमचा कॉम्प्युटर?"

"नाई. हीटर आला. पण नोकरी पक्की झाली."

त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, बाहेरच्या रखरखत्या उन्हाकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. "ज्या कंपनीले मे मयन्यात हीटर घेनं परवडते, ते जावयाले उपाशी नाई ठेवनार!"

मग आत तोंड करून ओरडले, "अवो, पन्हं आना. जावईबापू आले!"