मार्चअखेर हाती आलेला चेक

शेलूबाजारात मी शाळेचे गणवेश शिवून देते. शाळा उघडताना दिलेल्या मालाचे पैसे त्या वर्षी लांबत लांबत थेट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले, आणि तेही सगळे एकाच चेकने. चेक बघून माझा दीर म्हणाला, "वयनी, हा कपाटात ठेवा. एप्रिलमंधी बँकेत टाका, म्हंजे यंदाचा टॅक्स वाचते. कोणाले समजते?"

मन डळमळलं, खोटं कशाला सांगू? पण माझं टॅक्सचं काम वाशीमच्या एक बाई बघतात. त्यांना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "तुमचा हिशोब रोखीच्या पद्धतीचा आहे. पैसे हाती आले की उत्पन्न, आणि देणं चुकतं केलं की खर्च. चेक आज हाती आला, म्हणजे तो याच वर्षाचा. कपाटात ठेवून वर्ष बदलत नाही. त्यापेक्षा खरोखरची देणी एकतीसच्या आत देऊन टाका. कापडाचे मात्र बँकेतूनच द्या; एवढी मोठी रक्कम नोटांनी दिली तर ती खर्चात धरत नाहीत."

चेक त्याच दिवशी बँकेत टाकला. पैसे जमा झाल्यावर शिवणाऱ्या बायांची राहिलेली शिलाई दिली. न मागता पैसे मिळालेले पाहून त्यातली थोरली घाबरली.

"काहून वो, दुकान बंद करून राह्यली काय?"

"नाही वो. मार्च हाये म्हणून देऊन राह्यली."

तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी खात्री करायला ती सगळ्यांच्या आधी येऊन मशीनवर बसली.

दुकानाचं थकलेलं भाडंही दिलं. राहिला कारंज्याचा कापडवाला. दिवाळीपासून तो रोज फोन करायचा. एसटीने त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, "खाते नंबर सांगा, आत्ताच पाठवते." तो चक्क नको म्हणाला.

"ताई, आता आठ-दहा दिवसानं काय फरक पडते? एप्रिलमंधी द्या. माह्याबी हिशोब तुमच्यासारखाच हाये. आज घेतले तं यंदाच्या कमाईत धरा लागते."

"दिवाळीपासून मागून राह्यले होते ना तुमी? कापड तुमी दिलं, मी शिवलं, पोरायनं घातलं. मी आज दिल्याबिगर जात नाही."

मी बाकावर बसून राहिले. त्याने दोन गिऱ्हाइकं केली, चहा मागवला, मलाही दिला. मग मीच विचारलं, "तुमाले कोणाचं देणं नाही काय?" तो हसला. त्याला माल पाठवणाऱ्या ठोक व्यापाऱ्याचे पैसे त्याच्याकडेही अडकलेले होते. माझे पैसे जमा झाले तसे त्याने माझ्यासमोरच पुढे पाठवले.

त्या वर्षी टॅक्स माझ्या भीतीपेक्षा बराच कमी भरावा लागला. एप्रिल मात्र जड गेला. हातात काही उरलं नव्हतं आणि नव्या गणवेशांचं कापड तर घ्यायचंच होतं. कारंज्याला फोन केला तेव्हा मी जरा चाचरतच बोलले. तो म्हणाला, "घेऊन जा ताई. तुमी तं बळजबरीनं पैसे देता."

यंदा नवी ऑर्डर घेताना शाळेला आधीच सांगितलं, "माल पोचला की पैसे. मार्चची वाट मी पाहणार नाही." तिथल्या सरांनी आढेवेढे घेतले. मी ऐकलं नाही.