घुंगरमाळेतला कापूस

आमच्या शेजारच्या गाडीवानकाकाची नक्कल मले लय जमे. आधी तीनदा खाकरायचं, मान वाकडी करायची अन् म्हनायचं, "हाव बाप्पा, हाव!" सारी गल्ली हासे.

त्याच्या बैलाइच्या घुंगरमाळा पार शेलूबाजाराच्या रस्त्यावरून ऐकू येत. पन आठ दिसांपासून त्याची गाडी आमच्या गल्लीतून मुकीच जाऊन राह्यली होती. घुंगरमाळ चोर मुकी करते, हे आमच्याकडं लेकरालेही ठाव. मी भर दुपारी ओट्यावर उभा राहून, त्याच्यासारखं खाकरून, सांगून टाकलं, "गाडीत चोरीचा माल असन!" लोक त्याच्याकडं तिरपं पाहू लागले. त्याले कोनी तंबाखू देईना. पाटलानं त्याले चावडीवर बोलावलं.

तवा चोरीचा माल पकडाले मी काकाच्या पायतीवर राह्यलो, लपूनछपून मागं गेलो. गल्लीच्या तोंडाशी तो खाली उतरला अन् एकएक घुंगरू कापसानं बुजवू लागला. मी गाडीत डोकावलो, तर गाडी रिकामी.

"काका, काहून बुजवता घुंगरं?"

तो तीनदा खाकरला. "तुया मायले हिवताप हाये. रातभर कन्हते बिचारी. दुपारी जरा डोया लागते, तवा कायले वाजवाव?"

माय तापानं पडली हे मले ठाव होतं. पन ती झोपते कवा, हे मी कधी पाह्यलंच नोतं.

"बैल तं गप झाले, बाप्पा," तो म्हने. "तू ओट्यावर कवा गप होशीन?"

मी तसाच चावडीवर निघालो. हे सारं पाटलाले सांगनं होतं, अन् कोनाची नक्कल न करता सांगनं होतं.