देवाचा वळू आणि माझा पायगुण

माझं लग्न झालं त्या वर्षी सासरची गाय गाभडली, पोटातलं वासरू गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा गाभडली. सासूबाईंना एवढं पुरलं.

सासर घोटीजवळच्या खेड्यात, मी नाशिक शहरातली. सत्तरचं दशक संपत आलेलं. गावात देवाच्या नावाने सोडलेला एक वळू होता. कुणाच्याही शेतात तोंड घालायचा, कुणाच्याही दारात भाकरी खायचा, आणि गावातल्या झाडून सगळ्या गाई माजावर आल्या की त्याच्याकडेच जायच्या. शेजारच्या गोठ्यांतही गाई गाभडत होत्या. पण तिथे नवी सून नव्हती, म्हणून तिथे नशीब वाईट म्हणायचे. आमच्याकडे माझा पायगुण वाईट होता.

"हिचा पाय लागला आन् गाय टिकवीना," सासूबाई पाणवठ्यावर सांगायच्या. मला गोठ्यात जायची बंदी झाली. बाहेर आणून टाकलेलं शेण मात्र मीच थापायचं. त्याला माझा पाय चालत होता.

शेवटी नवऱ्याने घोटीहून जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी गाय तपासली, काचेच्या पट्टीवर काहीतरी घेऊन गेले आणि दोन-चार दिवसांनी परत आले. घरात नवरा आणि मी दोघंच होतो. मी चहा ठेवून दाराआड उभी राहिले.

"रोग वळूचा आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना न दिसणारा जंतू असतो. वळूला त्याचा काही त्रास नाही, तो आपला धडधाकट दिसतो. पण गाईला देतो, आणि गाय गाभडते."

"औषध?"

"गाईला काही महिने त्याच्यापासून लांब ठेवा, तेच औषध. तिचं शरीर त्या जंतूशी झगडतं आणि हळूहळू त्याला बाहेर काढतं. वळूला ते जमत नाही, त्याच्यात तो मुरून बसतो. मग गाय दवाखान्यात आणा, वळूशिवाय इंजेक्शननं भरवू, गाभण राहील. परत त्याच्याकडे मात्र सोडू नका. तिची ती ताकद जन्मभर पुरत नाही."

"वळू देवाचा हाय, डॉक्टर. गावात आसं बोलता नाय येनार."

"मग बोलू नका. गाय तेवढी बांधून ठेवा."

दाराआड मला रडू आलं, आनंदाने. वाटलं, सुटले. गावाला नाही तरी सासूबाईंना नवरा हे नक्की सांगेल.

संध्याकाळी नवरा आईला म्हणाला, "गाय आता परड्यात बांधायची. वळूकडं न्यायची नाय."

"बांध की," सासूबाई म्हणाल्या. "पन आदी हिला माहेरी धाड. मग बघ गाय कशी टिकवती."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दावं वळत बसला होता. वळतच राहिला.

दिवाळी झाल्यावर त्याने मला एसटीत बसवून दिलं. नाशिकला माझ्या आईने शेजारणींना सांगितलं, पोरगी विश्रांतीला आलीय. मी खिडकीशी बसून गाईचा विचार करायची. तिकडे ती अंगातला रोग आपला आपण हुसकून लावत होती. माझ्या अंगात रोगच नव्हता, मी काय हुसकणार? मला त्या मुक्या जनावराचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो याची चीड यायची.

भाताच्या आवणीला माणसं कमी पडली तेव्हा नवरा न्यायला आला. घोटीच्या दवाखान्यात नेऊन भरवलेली गाय गाभण होती, पोट दिसत होतं. सासूबाई सगळ्यांना एकच सांगत होत्या, ही गेली आणि गाईला दिवस राहिले. ते खरंच होतं. दोन्ही एकाच वेळी घडलं होतं, आणि त्यातलं कशाने काय झालं ते माहीत असलेला माणूस चिखलात माझ्याशेजारी वाकून रोपं लावत होता. "आईंना सांगा ना," मी म्हटलं. "आता कशाला उकरून काढायचं?" तो म्हणाला.

दिवाळीनंतर गाय व्याली. कालवड झाली. सासूबाईंनी वळूला हळदकुंकू लावून पुरणपोळी चारली. चिकाचा खरवस केला, आळीत घरोघर वाट्या गेल्या.

"तू नको खाऊस," त्या मला म्हणाल्या. "गाईला बादंल."

मी वाढत होते. नवरा मान खाली घालून जेवत होता. त्याने ताट थोडं पुढे सरकवलं आणि आणखी एक वडी मागितली.