बर्फाच्या गाडीने पोलादपूर

१९८३ च्या एप्रिलात नर्स ललिताबाई महाडच्या नाक्यावर दोन तास उभ्या होत्या. एस.टी. आलीच नव्हती. खांद्याला पोलिओच्या डोसांची पेटी होती आणि आतला बर्फ वितळत चालला होता. नऊ वर्षांच्या नोकरीतली निम्मी वर्षं ट्रकवाल्यांना हात करण्यात गेली, असं त्यांना वाटे.

शेवटी एक ट्रक थांबला. धोंडू नावाचा ड्रायव्हर मासळीसाठी बंदरावर बर्फाच्या लाद्या नेत होता.

"पेटीत काय हाय गो बाय?"

"पोरांचं औषध. थंड राहिलं नाही तर फुकट जाईल."

पोलादपूरला उतरवताना त्याने एक लादी फोडून पेटी गच्च भरून दिली. "माझी पोरगी पायानं अधू हाय. तवा आमच्याकडं कोन आलं नाय," म्हणाला आणि निघून गेला.

पुढे दोन तास डोंगर चढून ललिताबाई वाडीवर पोचल्या. बायका लाकडांना गेल्या होत्या. वाट बघता बघता त्यांना बसल्याजागीच झोप लागली.

"उठा बाय, पोरं आनलीत," वाडीतल्या सोनाबाईने त्यांना हलवलं.

ललिताबाईंनी आधी पेटीत हात घालून बघितलं. बर्फ शिल्लक होता. अकरा पोरांना डोस पाजून त्या दुखऱ्या पायांनी पुन्हा सडकेकडे उतरू लागल्या.