डोळे उघडलेली ज्युनो

"माफ करजो, बाप्पा."

कोणत्याही मूर्तीला हात लावायच्या आधी तो असं म्हणायचा आणि ब्रशची दांडी कपाळाला टेकवायचा. समोर गणपती असो, दुर्गा असो, की रोम देशाचा नेपच्यून. त्याला सगळे सारखेच.

मी सावनेर रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनवर चौकीदार होतो. असे लॉन तुम्ही पाहिलेच असतील. फाटकापासून स्टेजपर्यंत पांढरे पुतळे उभे असतात आणि लोक त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. ते कोण, हे कोणी विचारत नाही. आमच्या शेठनंही विचारलं नव्हतं. मोबाईलवरचे फोटो दाखवून चितार ओळीतल्या या मूर्तिकाराला तो म्हणाला, "फायबरचे असे पाच-सहा बनवून दे. फॉरेन वाटलं पायजे."

दुसऱ्या दिवशी हा परत हजर.

"शेठ, यांची नावं सांगा."

"नावं कायले पायजे बे तुले?"

"देव दिसून राहिले मले हे. नाव माहीत नसलं तं चेहरा कसा काढू?"

शेठला काय डोंबल माहीत! मग हा धरमपेठेतल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरबाईंकडे जाऊन सगळं विचारून आला. आणि आल्या आल्या आम्हा नवराबायकोला ऐकवायला बसला. माझी बायको तिथंच झाडलोटीला होती. फाटकाजवळच्या खोलीत आम्ही राहायचो.

"हा नेपच्यून, पाण्याचा. हा मार्स, लढाईचा. हा मर्क्युरी, पायाले पंख आहेत, निरोप पोचवते. हा ज्युपिटर, सगळ्याइचा राजा. वीज याच्या हातात. पण बायकाइच्या बाबतीत लई वाह्यात. अन् ही ज्युनो, त्याची बायको. लग्नाची देवी."

"असा नवरा, अन् लग्नाची देवी तिलेच केलं?" बायको म्हणाली.

"मंग! लग्न काय राह्यते हे तिच्यापेक्षा कोणाले जास्त समजन, वहिनी?"

बायको इतकी हसली की चहा सांडला.

व्हीनसही त्यानं केली, पण फोटोत होती तशी नाही. खांद्यावरून चांगला पदर दिला. शेठ भडकला. हा शांतपणे म्हणाला, "नवरीचा आजा जेवाले येते, शेठ. त्याच्या घशात घास अडकन."

खरं भांडण डोळ्यांवरून झालं. फोटोतल्या देवांचे डोळे कोरे, नुसते पांढरे गोळे. यानं प्रत्येकाला काळ्या बाहुल्या काढल्या, वर काजळाची रेघ.

"रोमचे देव काजळ लावतात काय बे?"

"आंधळ्या देवासमोर लग्न लावता काय, शेठ?"

डोळे तसेच राहिले. मला त्या माणसाचं हेच आवडायचं. आवाज चढवायचा नाही, पण हटायचाही नाही.

डोळे तो सगळ्यात शेवटी काढायचा, आणि काढताना मूर्तीसमोर कोणीतरी आरसा धरायचा. पहिली नजर आरशावर पडावी, असा त्यांचा रिवाज. ज्युनोची पाळी आली तेव्हा त्यानं माझ्या बायकोला हाक मारली. "वहिनी, आरसा तुम्ही धरा. लग्नाची देवी आहे, सवाशीण पायजे."

आरसा आमच्याच खोलीतला, दाढीचा, हाताएवढा. त्याच्या वरून बायकोचा चेहरा ज्युनोसमोर पुरा दिसत होता. "हालू नका, वहिनी," तो सांगायचा. ती श्वास रोखून उभी. झाल्यावर म्हणाली, "अगो माय, पाहून राहिली न हे माह्याकडं!"

त्यानंतर दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी तो यायचा आणि उन्हानं उडालेल्या डोळ्यांवर रंग द्यायचा. त्याच रेघेवरून तीच रेघ. एक केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

मग माझी बायको गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

त्याच वर्षी शेठच्या डोक्यात राजस्थान शिरलं. आता उंट पाहिजे, हत्ती पाहिजे. जुने पुतळे न्यायला भंगारवाला यायचा होता. मी आमच्या मूर्तिकाराला फोन केला. हातातला गणपती ओला सोडून तो आला.

"प्लास्टिक तं आहे बे," शेठ म्हणाला.

"डोळे काढायच्या आधी होतं, शेठ. आता नाही. मी नेतो सगळे."

पण नेणार कुठं? देव काढायचा तर पाण्यात शिरवायचा, एवढं त्याला ठाऊक. म्हणून आम्ही दोघं मर्क्युरीला घेऊन गिट्टी खदानीच्या पाण्यावर गेलो. हळदकुंकू वाहिलं, आरती म्हटली, आणि सोडला. बुडाला म्हणून वळलो, तर मागून म्हशीवाला ओरडला, "काका, तुमचा माणूस तरंगून राहिला गा!"

फायबर आतून पोकळ. दगड बांधला, तरी पंखवाला पाय वरच. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. तोही हसला. मग ओल्या मर्क्युरीला टॉवेलानं पुसत म्हणाला, "जायचं नाही म्हणते हा. घर पायजे याले."

मग त्यानं एकेकाचं घर शोधलं. नेपच्यून नरखेडकडे एका संत्र्याच्या बागेत, विहिरीवर. मार्स व्यायामशाळेत. ज्युपिटर विजेचा, म्हणून मोटर वाइंडिंगच्या दुकानात. व्हीनस पदरासकट ब्युटी पार्लरमध्ये. मर्क्युरी बसस्टँडजवळच्या चहावाल्याकडे. प्रत्येकाला बजावायचा, "भिंतीकडं तोंड करून ठेवू नका. डोळे आहेत त्याले."

ज्युनो दुसऱ्या एका लॉनवाल्यानं मागितली होती. यानं दिली नाही. मी तोवर काम सोडून सावनेरला माझ्या घरी एकटा राहत होतो. एक दिवस दारात टेम्पो थांबला.

"मले कायले आणली गा?" मी म्हटलं. "माह्या घरी आता लग्न कुठं राह्यलं?"

तो टेम्पोची दोरी सोडत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हिचे डोळे उघडले तवा समोर वहिनी होत्या. हिनं त्याइले पाह्यलं आहे. दुसऱ्याले कशी देऊ?"

मी टेम्पोत चढलो. म्हटलं, "पायाकडून धर. मी डोक्याकडून धरतो."

यंदा पोळ्याच्या आधी तो गेला. तुळशीचं लग्न आलं आणि झालं, ज्युनोच्या डोळ्यांवर रंगाचा नवा हात बसला नाही; जुनी रेघ फिकटली आहे, पण आहे. त्याच्या दुकानात आता बसतो तो माणूस म्हणाला, "बाबा, नवे डोळे काढून देतो, एकदम जिवंत."

"नवे नको," मी म्हटलं. त्याला राग आला असेल. येऊ दे.

अंगणात तिच्यावर ताडपत्री बांधली आहे. दिवसभर सावली राहते. फक्त सकाळी ऊन तिरपं होऊन खालून शिरतं आणि नेमकं तिच्या डोळ्यांवर येतं. तेवढा वेळ मी तिच्यासमोर उभा राहतो, उन्हाकडे पाठ करून. पाठ तापते. ती पाहत असते. ऊन सरकलं की मी चहा ठेवायला जातो.