फोटो टाकला की साइट झोपते!

आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात माणसं तीनच. मालक प्रसाददादा, कोड लिहिणारी जयगडची नझिमा आणि डिझाइन करणारा मी. पण किस्से एवढे साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मधेच तोंड घालतो!

*

आम्ही होमस्टेवाल्यांसाठी साइट केली होती. आंजर्ल्याहून एका काकांचा फोन आला. "देवळाचा फोटो टाकला की तुमची साइट झोपते हो!"

दादा म्हणाले, "काका, जरा लहान करून टाका."

"देऊळ लहान करू?"

*

काकांनी तो फोटो कुठल्याशा ॲपवर सजवला होता. नझिमा तीन दिवस त्याच्याच मागे. चौथ्या दिवशी ओरडली, "सापडलं! फाइलवर माप लिहिलंय कमी, आत माल जास्त. प्रोग्राम मापावर विश्वास ठेवतो आणि जास्तीचा माल शेजारच्या मेमरीत सांडतो. कोणी मुद्दाम असा फोटो बनवला तर अख्खा सर्व्हर त्याच्या ताब्यात!"

दादा म्हणाले, "म्हणजे चार डझनाच्या पेटीत सहा डझन आंबे?"

"हो, आणि वरचे दोन डझन आता ऑफिस चालवणार!"

*

चूक आमची नव्हती. फोटो लहान करणारा तो कोड परदेशातल्या एका टीमचा, फुकट मिळणारा. जगभरच्या साइट तोच वापरतात. नझिमाने त्यांना कळवलं. उत्तर आलं, 'तुमची वापरायची पद्धत चुकतेय.'

दादा हिरमुसले. "आपलं कोण ऐकणार गो?"

"ऐकवायचं कुणाला आहे? दाखवते ना!"

*

व्हिडिओ कॉल ठरला. त्यांच्या मोठ्या इंजिनिअरने स्क्रीन दाखवत नझिमाचा नमुना फोटो उघडला. प्रोग्राम धाडकन बंद! तो म्हणाला, "परत बघतो." परत बंद!

"बघितलंस?" दादा टेबलावर हात आपटून ओरडले. माइक चालूच होता!

त्या माणसाला मराठी कळलं नसावं, पण त्याने सॉरी म्हटलं.

*

आठवड्याभरात दुरुस्ती आली आणि खाली लिहिलं होतं, चूक शोधणारी : नझिमा. पूर्ण नावानिशी! ऑफिसात पेढे आले. तिने स्पीकरवर अब्बांना फोन लावला. अब्बांचा जन्म जहाजांवर गेलेला.

"अब्बा, माझं नाव आलं!"

"खंय गो?"

"चुकांच्या यादीत!"

"चूक कोणाची?"

"त्यांची."

"मग त्यांचं नाव लिहू दे की! तू कशाला बदनाम होतेस?"

फोन बंद. आमची हसून पुरेवाट.

दहा मिनिटांनी अब्बांचाच फोन. आवाज एकदम हळू.

"गो, स्पेलिंग तरी बरोबर घातलंय ना त्यांनी?"