म्हशीचं शेवटचं पान

कोणाच्या घरी नवा फ्रीज आला की लोक फ्रीज बघायला जातात. खळमावशी खोकं बघायला यायच्या. आम्ही इथे परदेशात, गुंगालिनला राहायला आलो त्याच आठवड्यात एका अनोळखी बाईंनी बेल वाजवली. मी दार उघडलं, तर त्या माझ्याकडे न बघता माझ्या पाठीमागच्या वॉशिंग मशीनच्या खोक्याकडे बघून प्रसन्न हसल्या. "जाड पुठ्ठा आहे," त्या म्हणाल्या. "फेकणार नाहीस ना? चहा नको मला." पाच मिनिटांनी मी खिडकीतून पाहिलं, तर एक खोकं स्वतःच्या दोन पायांनी ट्रॅमच्या स्टॉपकडे चाललं होतं. ट्रॅममध्ये एकाने हरकत घेतली तेव्हा आतून आवाज आला म्हणे, "नो वरीज मेट, इट्स एम्प्टी!"

मावशींचं खरं नाव मराठी शाळेतल्या पोरांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दुकानातल्या गोंदावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्या दर शनिवारी घरी खळ शिजवायच्या: मैदा, पाणी, चमचाभर साखर आणि किडे लागू नयेत म्हणून हळद. पोरं चिकटवता चिकटवता बोटं चाटायची आणि आया किंचाळायच्या. मावशी शांतपणे म्हणायच्या, "काही होत नाही गं. पोळीच गेली पोटात असं समज."

रविवारच्या मराठी शाळेचा शेवटचा तास त्यांचा असे. त्या एक चित्रांचं पुस्तक वाचायच्या आणि मग पोरांनी त्यावरून काहीतरी बनवायचं. पण पुस्तकातलं चित्र बनवायला सक्त मनाई. "ते चित्रकाराने करून झालंय. तुम्ही पुढचं करा." शेवटच्या पानानंतर काय झालं, ते पुठ्ठ्यातून करून दाखवायचं. स्वेटर विणणाऱ्या कोंबडीची गोष्ट होती, तर पोरांनी लोकर परत मागायला आलेली मेंढी केली आणि तिच्यासोबत अंड्यांच्या ट्रेचे सहा पोलीस. त्यातला एक पोलीस आमच्या मुलीने, ईराने केला होता. तो अजून आमच्या फ्रीजवर ड्युटीला आहे.

या पद्धतीचं मूळ एका फाटक्या पुस्तकात होतं. एक म्हैस तळ्यात बसते आणि बाहेर यायला नकार देते. गुराखी येतो, पाटील येतो, बँड येतो, म्हैस ढिम्म. आणि मग पुस्तक संपतं, कारण शेवटचं पान गायब. मावशींनी ते पुस्तक भारतातून येताना आणलं होतं. "पुढे काय झालं?" असं पोरांनी विचारलं की त्या कात्री पुढे करायच्या.

या तासाला मी मदतनीस होतो. मदत हा शब्द जरा मोठा आहे. पहिल्याच रविवारी मी घुबडाचे दोन्ही पंख एकाच बाजूला लावले आणि दुसऱ्या रविवारी स्वतःची बाही एका जिराफाला स्टेपल केली. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे असं कळल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्याने केलेलं मोडून बघायचं. दिसतंयच. टेस्टर, तू फक्त धर." पुढची तीन वर्षं मी निष्ठेने धरलं.

मग शाळेला नवे अध्यक्ष आले. शिस्तीचा माणूस, पोरांचं भलं व्हावं अशी मनापासून तळमळ. सभेत ते म्हणाले, "मावशी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तीन वर्षं मुलं पुठ्ठे चिकटवतायत आणि एकालाही 'क्ष' काढता येत नाही. त्या तासाला आपण वर्कबुक घेऊ." बरीच वादावादी होऊन असं ठरलं की पाडव्याच्या कार्यक्रमात पोरांनी मावशींकडे केलेलं काम दाखवावं, त्यावर मराठीत बोलावं, आणि मग काय तो निर्णय घ्यावा. परतताना मावशी आणि मी एकाच ट्रॅममध्ये होतो. उतरताना एवढंच म्हणाल्या, "तास गेला तर माझा फक्त रविवार जाईल असं वाटतं सगळ्यांना. अरे, सोमवार ते शनिवार मी काय करते? रविवारची तयारी."

म्हणून म्हैस करायची ठरली. खरीखुरी, म्हशीच्या मापाची. अकरा फ्रीजची खोकी लागली. आमच्या गॅरेजमध्ये महिनाभर म्हैस वाढत होती आणि गाडी बाहेर थंडीत कुडकुडत होती, कारण इकडे दक्षिण गोलार्धात पाडवा थंडीच्या तोंडावर येतो. थंडीने मावशींची बोटं आखडायला लागली होती, कात्रीही धरवेना. त्यामुळे पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मान, शिंगं आणि कान चिकटवायचं शेवटचं काम माझ्यावर आलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला नुसतं धरायचं नव्हतं.

आता डब्यांबद्दल सांगितलं पाहिजे. आपल्या लोकांच्या घरात दह्याचा दोन लिटरचा डबा दही संपल्यावर खऱ्या आयुष्याला सुरुवात करतो. त्या दिवशी आमच्या फ्रीजमध्ये असे दोन डबे शेजारी शेजारी होते. एकात मावशींनी पाठवलेली खळ, दुसऱ्यात पाडव्यासाठी माझ्या बायकोने, मेघनाने केलेलं केशरी श्रीखंड. मेघनाने दोन्ही झाकणांवर मार्करने नावं लिहिली आणि कामाला जाताना बजावलं, "वाचता येतं ना? मग वाच."

मी वाचलं. पण नुसत्या लेबलवर विश्वास ठेवेल तो टेस्टर कसला? मी दोन्ही डबे उघडून आतला माल तपासला. दोन्ही पिवळे, दोन्ही दाट. समाधानाने झाकणं परत लावली, आणि तेव्हाच ती बदलली.

संध्याकाळपर्यंत मी म्हशीचं डोकं चिकटवत होतो. खळीला वेलचीचा वास येत होता हे मला जाणवलं नाही असं नाही. पण मावशींचं काय सांगावं? खळीत वेलची घालणारी जगात एकच बाई असेल तर ती त्याच. गॅरेज इतकं गार होतं की सगळं दगडासारखं घट्ट बसलं. मी म्हशीबरोबर फोटोसुद्धा काढून घेतला.

पाडव्याला आधी जेवण, मग कार्यक्रम. अध्यक्षांनी पुरीबरोबर दोन वाट्या संपवल्या आणि माइकवरून खास उल्लेख केला, "मेघनाताई, श्रीखंड असं पाहिजे! बेताचं गोड. आणि काय धरलंय! पुरी सोडतच नाही." मेघना स्वतः अजून जेवली नव्हती. ती लाजली. मीही थोडा लाजलो.

मग चाकांच्या फळीवरून म्हैस आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी हातात पुस्तक घेऊन बाजूला उभ्या राहिल्या, पोरं रांगेत. पहिल्या पोराने "एक म्हैस होती" म्हटलं आणि पुढचं विसरलं. दुसरं म्हणालं, "शी वॉज लाइक, नो वे." अध्यक्ष वहीत काहीतरी लिहायला लागले. आणि ज्येष्ठ मंडळींसाठी लावलेला हॉलचा हीटर नेमका म्हशीच्या डोक्यावर होता.

आधी डावा कान गेला. मग उजवं शिंग हळूहळू नाकावर आलं. मग म्हशीने, जणू कोणीतरी हाक मारली म्हणून, मान खाली घातली, आणखी खाली घातली आणि अख्खं डोकं धप्पकन स्टेजवर पडलं. मी डोकं उचलायला धावलो, त्यावरच घसरलो आणि बसलो.

मावशींचा चेहरा पांढरा पडला होता. सगळा तास त्या डोक्याबरोबर जमिनीवर पडला होता. पण सवयीने त्यांच्या तोंडून तेच निघालं. "मग? पुढे काय झालं?"

"म्हशीला घाम आला!" एक पोरगी ओरडली.

"नाही, ती मेल्ट झाली!"

"ती झोपली! डोकं काढून ठेवलं आणि झोपली!"

"काका तिच्यावर बसले, म्हणून पडली!"

"नाही, आधी पडली, मग काका बसले!"

जे पोर घरी "पाणी" म्हणायला लाजतं, ते माझ्या बदनामीसाठी अस्खलित मराठीत भांडत होतं. अध्यक्षांचं लिहिणं थांबलं. तेवढ्यात ईरा पुढे आली, म्हशीच्या मानेवर बोट फिरवलं, चाटलं, आणि थेट माइकमध्ये म्हणाली, "बाबा, म्हैस गोड आहे."

मेघनाने माझ्याकडे पाहिलं. मग अध्यक्षांच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. अध्यक्षांनीही पाहिलं.

"मग मी काय खाल्लं?" त्यांनी विचारलं. माइक चालूच होता.

मावशी खाली उतरल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. "काही होत नाही हो," त्या मायेने म्हणाल्या. "पोळीच गेली पोटात असं समजा."

पहिलं कोण हसलं ते आठवत नाही, पण सगळ्यात शेवटपर्यंत अध्यक्ष हसत होते. डोळे पुसून ते म्हणाले, "आता तास बंद केला तर लोक म्हणतील, याला खळ बाधली. चालू ठेवा मावशी. फक्त डब्यांना कुलूप लावा." वर्कबुकचा विषय पुन्हा निघाला नाही. मेघना मात्र माझ्याशी बुधवारपर्यंत बोलली नाही.

दोन हिवाळे गेले. मावशींची बोटं अजिबात वळेनाशी झाली आणि त्या मुलीकडे दूर उत्तरेला, स्प्रिंगफील्ड लेक्सच्या उबेत राहायला गेल्या. निघताना त्यांनी मला खळीचं पातेलं आणि म्हशीचं पुस्तक दिलं. "टेस्टर, आता तुला धरायला कोणीतरी शोध," म्हणाल्या. तास मी घेतो. धरायला अध्यक्ष येतात.

मागच्या रविवारी एका मुलीने विचारलं, खऱ्या शेवटच्या पानावर काय होतं? मी मावशींना फोन लावला आणि विचारलं की ते पान कुठे हरवलं.

"हरवलं नाही. मी फाडलं."

"तुम्ही?"

"त्यावर ती म्हैस गुराख्यामागून मुकाट्याने घरी चालली होती. सगळ्यांना पुरून उरली आणि शेवटी हे? इथे आले त्याच वर्षी फाडलं मी ते."

मी पुस्तकाच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. मग एकदम त्यांचा आवाज उजळला. "टेस्टर, ठेव फोन. समोरच्यांकडे नवा फ्रीज उतरवतायत."